तालासचा मामा येईपर्यंत

बेगीमायच्या तोंडाला दार नाही, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. नववीत असताना बाईंनी वर्गात तिच्या फाटक्या बुटांवरून काहीतरी म्हटलं, तर हिनं बाईंच्या केसांच्या रंगावरून म्हटलं, आणि तेही शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. माफी माग म्हणाले, मागितली नाही. दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन निघाली ती थेट नदीवर जाऊन बसली, आणि मग शाळेत गेलीच नाही. आता सतरावं लागलं होतं. आई उमसुनाय म्हणायची, "देवानं हिला सगळं हात आखडून दिलं, जीभ तेवढी ओंजळ भरून."

त्या सकाळी पीठ चाळायची चाळण फाटली म्हणून ती जुमाबेक काकाकडे दुसरी मागायला गेली. डोंगरावरचा बर्फ अर्धा उतरला होता आणि तो सगळा काकाच्या अंगणात चिखल होऊन बसला होता. गोठ्याचं दार लोटलेलं, आतून माणसांची कुजबुज. मेंढी अडली असेल म्हणून तिनं दार ढकललं.

मेंढी अडली नव्हती. काका होता, शेजारची बुर्मा काकू होती, गावातले दोन-तीन बाप्ये होते, आणि पालथ्या बादलीवर कालमुरात आजोबा बसले होते.

कालमुरात आजोबा कुणाकडे गेले की आसपासच्या घरांत बोलणी बंद पडायची. लग्नात हसवायला तेच, दोन घरांतलं भांडण मिटवायला तेच, आणि कुणाचं माणूस गेलं तर घरच्यांना सांगायलाही तेच. ही खबर कुणीही उठून द्यायची नसते. बायकोला कसं सांगायचं, बापाला कसं, म्हाताऱ्या आईला कसं, सगळ्याचे शब्द त्यांच्याकडे वेगवेगळे ठेवलेले. आणि गोठ्यात बसून ते जेव्हा ठरवत असतात तेव्हा लग्न ठरवत नसतात, एवढं बेगीमायला कळत होतं.

बुर्मा काकूनं तिला बघितलं आणि डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात धरलं.

"ये पोरी, बस," आजोबा म्हणाले. त्यांनी घसा साफ केला. "घार उंच उडते तेव्हा तिला वाटतं, आभाळ आपलंच. पण आभाळाचा मालक—"

"तिलेकदादा मेला का?" बेगीमाय म्हणाली.

गोठ्यात मेंढ्या चारा चावत होत्या तेवढाच आवाज.

"हा शब्द असा फेकायचा नसतो," आजोबा म्हणाले.

"मग कसा फेकायचा असतो? मेला का नाही, एवढं सांगा ना."

काकानं होकाराची मान हलवली. तिचा भाऊ तिकडे मॉस्कोत कामाला होता, इमारतीच्या परांचीवरून पडला, आदल्या संध्याकाळी. त्याच्यासोबत काम करणाऱ्या मक्सातनं काकाला फोन केला होता. कागदपत्रं झाली की मक्सातच त्याला विमानानं घेऊन येणार होता.

तिला रडू आलं नाही. राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून समोर उभ्या असलेल्या सगळ्यांचाच आला. काल दादानं दिवसभर उत्तर दिलं नाही म्हणून तिनंच त्याला लिहिलं होतं, 'मेलास का रे, बोल की.' फोन खिशात होता. तो एकदम जड झाल्यासारखा वाटला.

"हे बघ," काका म्हणाला, "वहिनीला एवढ्यात कळता कामा नये. तिचा भाऊ तालासहून निघालाय. खिंडीत रस्ता खराब आहे, दुपार होईल. माहेरचं माणूस शेजारी बसलेलं असल्याशिवाय बाईला असलं काही सांगायचं नाही."

"आणि मागच्या वेळी तुम्ही काय केलंत?"

काकाची मान खाली गेली. मागच्या वेळी, म्हणजे बेगीमायचे वडील गेले तेव्हा, काकानंच शेतातून ओरडत येऊन सांगितलं होतं. उमसुनाय जागीच पडली होती. महिनाभर तोंड वाकडं होतं, आणि डावा हात अजूनही कपसुद्धा नीट धरत नव्हता. डॉक्टरनं सांगितलं होतं, पुन्हा असा धक्का बसला तर ही बाई हातची जाईल. त्यामुळे आज गोठ्यात ही सभा भरली होती.

"मागच्या वेळचं मला नको सांगूस," काका म्हणाला. "म्हणूनच म्हणतोय."

"तिचा फोन बंद कर," बुर्मा काकू म्हणाली. "कुणीतरी शहाणा तिकडून मेसेज टाकेल, अल्लानं धीर द्यावा म्हणून."

"आणि मी काय करू दुपारपर्यंत?"

आजोबा बादलीवरून उठले. तिच्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांच्या दाढीला तपकिरीचा वास येत होता. "आज आईशी गोड बोल, बेगीमाय. आजचा अर्धा दिवस तिच्या मनाला ओरखडा काढू नकोस. जमेल?"

"गोड बोलायला काय अक्कल लागते का?"

"चाळण घेऊन जा," बुर्मा काकूनं मागून आवाज दिला. "रिकाम्या हातानं गेलीस तर विचारेल."

*

उमसुनाय चुलीपाशी बसली होती. परातीत पीठ, शेजारी बटाट्यांची पाटी. उजव्या हातात सुरी, आणि डाव्या हाताखाली बटाटा नुसता दाबून धरलेला. अशी ती सोलायची, त्यामुळे निम्मा बटाटा सालीबरोबर जायचा. रोज त्यावरून भांडण व्हायचं. बेगीमाय म्हणायची, आपण बटाटे खातो की साली? उमसुनाय म्हणायची, तुला हात दोन आहेत, तू सोल. बेगीमाय म्हणायची, सोलले असते, पण तू परवा म्हणालीस मी सोलते तशा जाड साली गावात कुणी काढत नाही. असं चालायचं चहा होईपर्यंत.

"चाळण आणायला गेलीस का विणायला?" उमसुनाय म्हणाली.

"उशीर झाला, अपा." बेगीमायनं चाळण खाली ठेवली. आईला ती अपा म्हणायची. "दे, मी सोलते. तू चहा पी."

उमसुनायनं सुरी दिली. बेगीमायनं चहा ओतला, दूध घातलं, नानचा मऊ तुकडा तोडून त्याला लोणी लावलं आणि आईच्या उजव्या हाताशी ठेवलं. मग पाठीमागे उशी सरकवली.

"आज काय, ईद आहे?"

"काही नाही. पाठ दुखते म्हणालीस ना काल."

"काल म्हणाले. परवाही म्हणाले. गेल्या वर्षीही म्हणत होते."

बेगीमाय हसली. तिलाच तिचं हसू परक्या घरात गेल्यासारखं वाटलं. ती बटाटे सोलत राहिली, पातळ साली काढत. खिडकीत आईचा फोन होता. तिथेच तेवढी रेंज यायची. आई चहात तुकडा बुडवत होती तेवढ्यात तिनं उठून फोन पुसल्यासारखं केलं, सिमकार्ड काढून खिशात टाकलं आणि फोन परत ठेवला. काम सफाईनं झालं. ते बघून तिला स्वतःचीच चीड आली.

बाहेर रस्त्यावरून बुर्मा काकूची जाऊ गेली. एरवी ती कुंपणापाशी थांबून 'काय गं उमसुनाय, जिवंत आहेस का' म्हणायची. आज मान दुसरीकडे करून गेली.

"हिला काय झालं?" उमसुनाय म्हणाली.

"घाईत असेल, अपा."

"ती आणि घाईत? तिची गाय पुरात वाहत होती तेव्हासुद्धा ती माझ्याशी बोलत उभी होती."

चहा संपला. उमसुनायनं कप पालथा घातला, रुमाल सारखा केला आणि म्हणाली, "चल, लाव."

म्हणजे तिलेकला निरोप. रोज सकाळी हेच. तो कामावर चढायच्या आधी आईचा आवाज ऐकायचा, म्हणून ही फोनमध्ये बोलून पाठवायची. बोलायची म्हणजे काय, मॉस्को समोरच्या टेकडीवर असल्यासारखी ओरडायची. बेगीमाय शेजारी उभी राहून म्हणायची, फोन लांब धर, कशाला फोन वाया घालवतेस, तशीच ओरड, तिथवर जाईल.

"आज नेट नाही," बेगीमाय म्हणाली.

"नसू दे. बोलून ठेवते. येईल तेव्हा जाईल. तूच म्हणाली होतीस, जातं म्हणून."

दुसरं कारण सुचेना. तिनं फोन आणला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि आईच्या तोंडासमोर धरला.

"तिलेक, ऐकतोस का," उमसुनाय ओरडली. "आपली तांबडी मेंढी व्याली रे. पिल्लाचा एक कान काळा आहे, एक पांढरा. बेगीमाय म्हणते, शिंप्याकडे कापड कमी पडलं. ऐक, वर चढतोस तेव्हा टोपी घाल. कान झाक. वाऱ्यानं कान गेला की—"

तिला ठसका लागला. ती खोकली, गडबडली, काय म्हणत होते ते विसरली. रोज बेगीमाय इथे म्हणाली असती, आता खोकलाही पाठव, मॉस्कोवाल्यांनी तेवढाच ऐकायचा राहिलाय.

"बोल, अपा," बेगीमाय म्हणाली. "सावकाश बोल. थांब, पाणी देते."

उमसुनाय फोनकडे बघत होती. मग तिनं वर, लेकीकडे बघितलं. फोनवर आकडे पळत होते.

"बंद कर ते," ती म्हणाली. ओरडून नाही.

बेगीमायनं बंद केलं.

"सकाळपासून एकदाही मला तोडून बोलली नाहीस."

"असं काही नाही, अपा."

"लोणी लावून दिलंस. उशी दिलीस. साली बघ कशा काढल्यास, कागदासारख्या." उमसुनायचा आवाज खाली खाली जात होता. "तुझ्या बापाला जाऊन चाळीस दिवस झाले, त्या दिवशीसुद्धा तू माझ्याशी भांडली होतीस."

बेगीमायला काहीतरी बोलायचं होतं. काहीही. सतरा वर्षांत पहिल्यांदा तिची जीभ टाळूला चिकटली.

"सांगणार कोण आहे? कालमुरात?"

बेगीमायनं सालींचा ढीग एका बाजूला सारला.

"आणि माझा भाऊ निघालाय तालासहून."

मान हलवायची नाही असं बेगीमायनं ठरवलं होतं, पण मान हलली की नाही, तिचं तिलाच कळलं नाही. तिचं सगळं लक्ष आईच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यावर होतं. तो घसरला की धावायचं, डोकं उचलायचं, काकाला हाक मारायची, एवढंच डोक्यात.

कोपरा घसरला नाही. उमसुनायनं उजव्या हातानं डावा हात उचलला आणि मांडीवर ठेवला, कुणाचं तरी झोपलेलं लेकरू ठेवावं तसा.

"तू बोलू नकोस," ती म्हणाली. "तुझ्या तोंडून मला ऐकायचं नाही. ऐकलं तर जन्मभर तुझं तोंड बघून मला तेच ऐकू येईल. त्याचं नावसुद्धा घेऊ नकोस. कालमुरात येऊन म्हणेपर्यंत काही झालेलं नाही. समजलं?"

"हो, अपा."

"हो अपा म्हणू नकोस." तिनं डोळे मिटले, उघडले. "भांड माझ्याशी."

"काय?"

"रोज भांडतेस तशी. दुपार व्हायला वेळ आहे. अशी गप्प बसलीस तर माझं डोकं फुटेल. भांड."

*

आता हुकमावर कसं भांडायचं? बेगीमायनं बटाट्याची साल उचलली.

"या सालींचं काय करू?"

"गायीला घाल."

"गाय खात नाही."

"खात नाही कशी? तू घालतेस का तिच्यासमोर, का लांबून फेकतेस?"

"लांबून फेकते. तुझी गाय लाथ मारते."

"माझी गाय माणूस बघून लाथ मारते."

असं सुरू झालं. आधी दोघी पाठ केल्यासारख्या बोलत होत्या. पुढच्या वाक्याआधी थांबत होत्या. मग हळूहळू गाडी रुळावर आली. चुलीतल्या गोवऱ्या ओल्या का, गोवऱ्या कुणी उघड्यावर ठेवल्या, उघड्यावर ठेवणारीला शाळेत काय शिकवलं, शाळेत कुणी गेलंच नाही तर शिकवणार काय. उमसुनाय पीठ मळत होती, एका हातानं, जोर लावून. बेगीमाय चुलीत फुंकत होती. बाहेरून कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, या दोघींना काही कळलेलं नाही.

मध्येच उमसुनाय थांबायची. पिठातली बोटं तशीच राहायची. मग बेगीमाय पटकन काहीतरी टोचून बोलायची, आणि आई त्या टोचण्याला धरून परत वर यायची. बेगीमायला वाटलं, आपण विहिरीच्या काठावर उभ्या आहोत आणि दोर आपल्या हातात आहे. ओढत राहायचं. मामा येईपर्यंत ओढत राहायचं.

"तुझं लग्न कोण करणार?" उमसुनाय म्हणाली. "कोण नेईल असली जीभ घरात?"

"मला कुणी नेऊ नये म्हणूनच वाढवलीय."

"तुझ्या या तोंडामुळे घरात कुणाला थारा नाही. सकाळ झाली की कचकच. बाहेरच्या माणसालाही नको वाटतं हे घर, घरच्याला तर—" उमसुनाय बोलत गेली, पीठ आपटत गेली. "शांत घर असतं तर पोरगं कशाला गेलं असतं एवढ्या लांब?"

हे भांडणातलं होतं. खेळातलं होतं. उमसुनायला स्वतःलाच कळलं नसेल आपण काय बोललो. पण बेगीमायला ते पिठासारखं आपटून लागलं. डोक्यात जाळ झाला, आणि जाळ झाला की तिला पुढचं काही दिसायचं नाही.

"माझ्यामुळे गेला?" ती म्हणाली. "माझ्यामुळे? तू पाठवलंस त्याला. गावातल्या जिगितच्या लग्नात, सगळ्या पंगतीसमोर कोण म्हणालं, बुर्माच्या पोरानं तिकडून कमावून घरावर नवं छप्पर घातलं, आमचं पोर गाडीखाली झोपून गाडीचं छप्पर बघतं? कोण म्हणालं? लोक हसले. तोही हसला. महिन्यात गेला. तू बोलून बोलून पाठवलंस त्याला तिथे."

परातीत हात थांबला.

चूल तडतडत होती. बेगीमाय श्वास घेत उभी होती आणि श्वास घेता घेताच तिला कळलं की आपण बोललो ते खोटं आहे.

खोटं होतं, आणि हे जगात फक्त तिला माहीत होतं. दादा निघायच्या आधी दोन दिवस तो गाडी दुरुस्त करत असताना ती त्याच्या गाडीखाली बॅटरीचा उजेड धरून पडली होती. तेव्हा तो म्हणाला होता, "मक्सातला मी उन्हाळ्यातच फोन केला होता. लग्नाच्या कितीतरी आधी. मला कंटाळा आलाय गं बेगी, इथं सगळं माहीत झालंय. अपाला वाटू दे, तिनं पाठवलं. मी आपणहून चाललो म्हटलं तर बसेल रडत, पोराला घर नकोसं झालं म्हणून." आणि तिच्या नाकाला ग्रीसचं बोट लावलं होतं.

"अपा," ती म्हणाली.

उमसुनाय परातीकडे बघत होती. "हो," ती म्हणाली. "म्हणाले होते मी तसं."

"अपा, ऐक, ते तसं नाही—"

कुंपणाची कडी वाजली. कुत्रं भुंकलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. खिडकीतून तालासच्या मामाची मळलेली गाडी दिसली, आणि तिच्यामागे चालत येणारे बाप्ये.

उमसुनायनं हात पुसले. रुमाल नीट बांधला. "दार उघड," ती म्हणाली. "आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत बसू नकोस. त्यांना कळेल."

*

सगळं रीतीप्रमाणे झालं. मामा बहिणीच्या डाव्या बाजूला बसला, काकाची बायको उजव्या बाजूला, दोघांनी तिचे हात हातात घेतले, प्रवास कसा झाला, खिंडीत बर्फ किती होता, ते बोलून झालं. मग कालमुरात आजोबा पुढे सरकले.

"उमसुनाय," ते म्हणाले, "ज्याच्या हातावर ससाणा असतो त्याचा हात दुखतो, पण त्याला तो भार वाटत नाही. तुझ्याही हातावर एक होता."

रीत अशी की ऐकणाऱ्यानं इथे विचारायचं असतं. न विचारलं तर सांगणाऱ्याला पुढची वाट मिळत नाही.

"कुठला ससाणा, आजोबा?" उमसुनायनं विचारलं. आवाज एकदम नेहमीचा.

"लांब उडाला होता तो. त्याला शिकार मिळाली, वारा मिळाला. आणि मग ज्यानं तो तुझ्या हातावर दिला होता, त्यानंच त्याला शीळ घातली. तू हाक मारत राहिलीस, पण ती शीळ जवळची होती. आता दोरी तुझ्याकडे आहे, उमसुनाय, आणि ससाणा त्याच्याकडे. तुझा तिलेक—"

तिनं त्यांना पूर्ण बोलू दिलं. मग जशी किंकाळी फुटायला हवी तशी फुटली. मामानं तिला धरलं. बेगीमाय दाराशी उभी होती. तिला दिसत होतं की किंकाळी खरी आहे, पण ती आजोबांच्या शब्दांना आलेली नाही. ती आधीच आत कुठेतरी येऊन थांबली होती. तिला आता फक्त वाट मिळाली.

तोंड वाकडं झालं नाही. बाई पडली नाही. अंगणात काका कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "आजोबा, तुमच्यामुळे वाचली."

"शब्द नीट ठेवला की माणूस तग धरतं," आजोबा म्हणाले. "पोरीनंही चांगलं सांभाळलं हो. गोड बोलली असणार." त्यांनी बेगीमायच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं डोकं बाजूला घेतलं.

मग सगळं भराभर. काकाच्या गोठ्यामागे लपवून ठेवलेले तंबूचे बांबू आणि लोकरीचे जाड नमदे बाप्यांनी उचलून आणले. अंगणात तंबू उभा राहिला. तिलेक यायला अजून दिवस लागणार होते, पण शोक थांबत नाही. उमसुनायला काळा रुमाल बांधून आत नेलं. दाराकडे पाठ, तंबूच्या भिंतीकडे तोंड, दोन्ही हात कमरेवर. शेजारी बेगीमाय, तशीच. मागे बायका.

आणि उमसुनायनं शोक धरला.

शोक म्हणजे नुसतं रडणं नाही. तो गाऊन म्हणायचा असतो, मेलेल्याला उद्देशून, ओळीला ओळ जोडत. एरवी बाईनं जे चारचौघांत म्हणायचं नसतं ते शोकात म्हणता येतं. सासूचं म्हणता येतं, नवऱ्याचं म्हणता येतं. कुणी मध्ये बोलत नाही. उमसुनायला हे येतं, हे बेगीमायला माहीत नव्हतं. वडिलांच्या वेळी तिचं तोंडच बंद होतं.

उमसुनाय म्हणत होती:

"काळ्या कानाचं पिल्लू आलं, बघायला तू नाहीस रे,
वाऱ्यावरती कान झाकाया सांगायला मी नाही रे.
भरल्या पंगतीत बोलले मी, हसली सारी पंगत रे,
माझ्या जिभेनं दार उघडलं, घालवली तुझी संगत रे.
शत्रूनं नाही, दैवानं नाही, आईनं तुला धाडलं रे,
माझ्या सोन्या, माझ्या वासरा, मीच तुला पाडलं रे."

मागच्या बायकांमधून एक हुंदका उठला. बुर्मा काकू मोठ्यानं रडायला लागली. कुणीतरी म्हणालं, "काय बोलली बाई, काळीज काढून ठेवलं."

बेगीमायच्या कानात गरम काहीतरी ओतल्यासारखं झालं. ती भिंतीकडून वळली.

"अपा, खोटं आहे ते," ती म्हणाली. साध्या आवाजात, घरात म्हणतात तशी. "मी खोटं बोलले. तो आपणहून गेला. त्यानं आधीच फोन केला होता मक्सातला. मला सांगितलं होतं त्यानं."

लग्नाच्या मिरवणुकीत कुणी मध्येच बसकण मारल्यावर बघावं तशा बायका तिच्याकडे बघायला लागल्या. बुर्मा काकूनं तिचा दंड धरून पुन्हा भिंतीकडे वळवलं.

"शोकात असं बोलत नाहीत," ती कानाशी कुजबुजली. "काय सांगायचं ते त्याला सांग. गाऊन सांग. तुझी पाळी आली की."

"मला गाता येत नाही."

"मग नुसती रड."

उमसुनाय थांबली नव्हती. तिचा सूर चालूच होता.

पाळी आली. बेगीमायनं तोंड उघडलं. दादा, तू म्हणालास ना गाडीखाली... पुढे काय? गाडीखाली, बॅटरी, ग्रीस, मक्सातचा फोन, यातलं काहीच एकमेकांना जोडेना. तिला भांडता येत होतं, टोमणे येत होते, बाईंना एका वाक्यात गार करता येत होतं. तिच्या घशातून एक चिरका आवाज निघाला आणि तुटला. बायकांनी समजून घेतलं. पोर लहान आहे, म्हणाल्या.

बाहेर बाप्यांचा आक्रोश ऐकू आला. वरच्या वाडीची माणसं आली होती. नवीन माणसं आली की शोक पुन्हा पहिल्यापासून धरायचा असतो, त्यांनाही ऐकू जावा म्हणून. उमसुनायनं पुन्हा धरला. काळ्या कानाचं पिल्लू, भरली पंगत, आईनं तुला धाडलं. दुसऱ्यांदा ओळी जास्त घट्ट बसल्या. खालच्या वाडीची माणसं आली तेव्हा मागच्या दोन बायका शेवटची ओळ तिच्याबरोबर ओठांत म्हणत होत्या.

मध्ये जरा सवड मिळाली. बायका चहाला बाहेर गेल्या, तंबूत दोघीच राहिल्या. उमसुनायचा आवाज बसला होता. बेगीमायनं तिच्या ओठाला कप लावला.

"अपा, आता तरी ऐक. तो आपणहून गेला. उन्हाळ्यातच ठरवलं होतं त्यानं. इथं कंटाळा आला म्हणाला. तुला वाईट वाटेल म्हणून सांगू नको म्हणाला. खरंच, अपा. त्याच्या गळ्याची शपथ."

कुणाच्या गळ्याची शपथ घेतली ते बोलल्यावर तिच्या लक्षात आलं.

उमसुनायनं एक घोट घेतला. लेकीकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, तेच वाईट होतं.

"सकाळी बोललीस ते खरं होतं," ती म्हणाली. "रागात बोललीस ना, म्हणून खरं. आता तू माझी समजूत घालतेस. चांगली पोर आहेस."

"समजूत नाही घालत मी. तू कधी ऐकणार माझं?" बेगीमायचा आवाज चढायला लागला. ओरडलं तर विश्वास बसेल, एवढं तिला कळलं. सकाळसारखं, चुलीपाशी ओरडली तसं. तिनं छातीत श्वास भरला, आणि त्याच वेळी तंबूचा पडदा उचलला गेला, काळे रुमाल बांधलेल्या आत्या आत आल्या, हात पसरून, रडत. बेगीमायला ओरडता येईना. मेलेल्याच्या आईवर, तंबूत, आत्यांसमोर कसं ओरडायचं?

उमसुनायनं कप खाली ठेवला आणि भिंतीकडे वळली. हात कमरेवर ठेवले. डावा हात घसरला, तिनं उजव्यानं तो उचलून परत ठेवला.

आणि बसलेल्या आवाजात, पहिल्यापासून सुरू केलं.